जड कप्पीची गणिते: दोन ताण, एक त्वरण

अकरावीत न्यूटनच्या नियमांवर कप्पीची जी गणिते येतात, त्यांत ‘कप्पी हलकी व घर्षणरहित आहे असे माना’ असे एक वाक्य हमखास असते आणि त्या वाक्याच्या भरवशावर विद्यार्थी दोरीच्या दोन्ही बाजूंना एकच ताण लिहून मोकळा होतो. पुढे घूर्णन गती शिकताना तीच कप्पी वस्तुमान आणि त्रिज्या घेऊन परत येते, पण हात मात्र जुन्या सवयीने एकच ताण लिहितो आणि गणित तिथेच फसते. दोन्ही बाजूंचे ताण सारखे असतील, तर त्यांचे कप्पीवरील टॉर्क (बलांचे फिरवण्याचे परिणाम) परस्परांना छेद देतील आणि स्थिर असलेली कप्पी फिरू लागण्याचे काही कारणच उरणार नाही. म्हणून ज्या कप्पीचे जडत्व आघूर्ण (फिरण्याच्या गतीतील बदलाला होणारा तिचा विरोध) विचारात घ्यायचे आहे, तिच्या दोन बाजूंच्या ताणांना आकृती काढतानाच त१ आणि त२ अशी वेगळी नावे द्यावीत. ते किती वेगळे आहेत हे समीकरणे सांगतील.

आकृती एकच मोठी काढण्यापेक्षा प्रत्येक वस्तू सुटी काढून तिच्यावरची बले दाखवणे अधिक सुरक्षित असते. टांगलेल्या वस्तूवर खाली वजन आणि वर ताण, एवढीच दोन बले असतात. कप्पीवर मात्र चार असतात: दोन ताण, तिचे स्वतःचे वजन आणि आसाने दिलेला आधार. यांपैकी शेवटची दोन आसातूनच जातात, त्यामुळे त्यांचा टॉर्क शून्य असतो. ताण स्पर्शरेषेच्या दिशेने ओढतात, म्हणून प्रत्येकाचा टॉर्क म्हणजे ताण गुणिले त्रिज्या. टेबलावरून दोर खाली वळत असला, तरी या गुणाकारात फरक पडत नाही.

आता एक नेहमीचे उदाहरण घेऊ. २ किग्रॅ वस्तुमानाच्या आणि ०.१ मी त्रिज्येच्या चकतीसारख्या भरीव कप्पीवरून दोरी गेली असून तिच्या टोकांना ३ किग्रॅ व २ किग्रॅ वस्तुमाने टांगली आहेत. केंब्रिजच्या जॉर्ज ॲटवुड यांनी १७८४ मध्ये आपल्या ग्रंथात वर्णिलेले यंत्र ते हेच. पतनाची गती मोजता येईल इतकी मंद करणे हा त्यांचा हेतू होता, आणि आसाचे घर्षण कमी करण्यासाठी त्यांनी मुख्य चाकाचा आस आणखी छोट्या चाकांवर टेकवला होता. चाकाचे जडत्व त्यांनीही हिशेबात धरले होते, ही गोष्ट ‘हलकी कप्पी’ गृहीत धरणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

जड वस्तू खाली जाईल ही धन दिशा ठरवावी आणि तीच दिशा संपूर्ण साखळीभर पाळावी: ३ किग्रॅसाठी खाली, कप्पीसाठी त्या बाजूला फिरणे, २ किग्रॅसाठी वर. त्वरण त्व, कोनीय त्वरण को, त्रिज्या र, जडत्व आघूर्ण ज आणि गुरुत्व त्वरण ९.८ मी/से² मानून तीन समीकरणे मिळतात:

३ × ९.८ − त१ = ३ × त्व
त२ − २ × ९.८ = २ × त्व
(त१ − त२) × र = ज × को

अज्ञात मात्र चार आहेत, आणि चौथे समीकरण बलांतून येत नाही. दोरी ताणली जात नाही आणि कप्पीवर घसरत नाही, म्हणून त्व = र × को. हे ठेवल्यावर तिसरे समीकरण त१ − त२ = (ज ÷ र²) × त्व असे होते. भरीव चकतीसाठी ज म्हणजे वस्तुमान गुणिले र² याच्या निम्मे, म्हणजे ज ÷ र² = १ किग्रॅ. तिन्ही समीकरणांची बेरीज केली की ताण आपोआप निघून जातात आणि त्व = ९.८ ÷ (३ + २ + १) = १.६३ मी/से² मिळते. त्रिज्या उत्तरात कुठेच उरत नाही. ती फक्त कोनीय त्वरण विचारले तर लागते. कप्पी कड्यासारखी असती, तर १ च्या जागी पूर्ण २ आले असते.

त्वरण मागे भरून त१ = २४.५ न्यूटन आणि त२ = २२.८७ न्यूटन. पडताळा असा की त्यांतील फरक १.६३ न्यूटन म्हणजेच १ × त्व आला पाहिजे, आणि तो येतो. हलक्या कप्पीचे उत्तरही शेजारी मांडून पाहावे: तिथे त्वरण १.९६ मी/से² आणि दोन्हीकडचा ताण २३.५२ न्यूटन. जड कप्पीने त्वरण कमी केले, उतरत्या बाजूचा ताण त्याहून वाढवला आणि चढत्या बाजूचा घटवला. उत्तर या क्रमाने आले नाही, तर चिन्हांत घोटाळा आहे असे खुशाल समजावे.

सर्वांत जास्त गुण जातात ते दुसऱ्याच ठिकाणी: टांगलेल्या वस्तूचे वजन थेट कप्पीवर लावण्यात. विहिरीवरच्या रहाटाला दोर गुंडाळला आहे, त्याला पाण्याने भरलेला १० किग्रॅचा पोहरा आहे आणि तो हातातून सुटला. रहाटाचा फिरणारा भाग ८ किग्रॅचा भरीव दंडगोल मानला, तर ज ÷ र² = ४ किग्रॅ. ताण म्हणजे पोहऱ्याचे वजन असे धरणारा ९८ भागिले ४ करून २४.५ मी/से² लिहितो. म्हणजे दोराने मागे ओढलेला पोहरा मुक्त पतनापेक्षा अडीचपट त्वरणाने पडतो! बरोबर रीत अशी: ९८ − त = १० × त्व आणि त = ४ × त्व, म्हणून त्व = ७ मी/से² आणि ताण अवघा २८ न्यूटन. ऊर्जेनेही हे तपासता येते. पोहरा ५ मी उतरला की वेगाचा वर्ग २ × ७ × ५ = ७०; पोहऱ्याची गतिज ऊर्जा ३५० जूल, दंडगोलाची १४० जूल, आणि त्यांची बेरीज गमावलेल्या स्थितिज ऊर्जेइतकीच, ४९० जूल.

टेबलावरच्या ठोकळ्याच्या गणितात आधी ठोकळा हलतो का ते पाहावे, कारण टांगलेले वजन कमाल स्थितिक घर्षणापेक्षा कमी असेल तर पुढची सारी समीकरणे व्यर्थ आहेत. ४ किग्रॅचा ठोकळा, गतिज घर्षणांक ०.२, टांगलेले २ किग्रॅ आणि कप्पी पहिलीच, असे असून ठोकळा हलू लागला असेल, तर त्व = (१९.६ − ७.८४) ÷ (४ + २ + १) = १.६८ मी/से². ताण ठोकळ्याकडे १४.५६ आणि टांगलेल्या बाजूला १६.२४ न्यूटन येतो. आसालाही घर्षण दिले असल्यास त्याचा टॉर्क कप्पीच्या समीकरणात वजा करावा, ठोकळ्याच्या नव्हे.

कप्पीला फिरवते ते दोरी आणि खोबण यांमधील घर्षण, हे विसरू नये. खोबण पूर्ण गुळगुळीत असेल, तर कप्पी कितीही जड असली तरी ती जागची हलत नाही आणि ताण दोन्हीकडे सारखाच राहतो. ‘घर्षणरहित’ हा शब्द आसाबद्दल आहे की खोबणीबद्दल, हे म्हणूनच वाचून घ्यावे. अर्ध्या वेढ्याने गेलेली दोरी न घसरण्यासाठी दोन ताणांचे गुणोत्तर ई (e, सुमारे २.७१८) या स्थिरांकाच्या (घर्षणांक × π) या घातापेक्षा जास्त असता कामा नये. आपल्या पहिल्या उदाहरणात सुमारे ०.०२२ एवढा घर्षणांकही पुरतो.

दोन त्रिज्यांच्या पायरीदार कप्पीला मात्र ज ÷ र² ही युक्ती जशीच्या तशी लावू नये. तिथे दोन्ही दोऱ्यांचे त्वरण वेगळे असते, र१ × को आणि र२ × को; टॉर्कचे समीकरण त१ × र१ − त२ × र२ = ज × को असे राहते, आणि त्वरणाऐवजी कोनीय त्वरणालाच मुख्य अज्ञात मानून सोडवणे सोपे जाते. कोणती बाजू उतरेल हेही नुसत्या वस्तुमानांवरून ठरत नाही, वस्तुमान गुणिले त्रिज्या यांची तुलना करावी लागते.