घरातले उंदीर पिंजऱ्यानं धरायचे कसे

सांगली-सातारा भागात घरात उंदीर वाढायचे दिवस ठरलेले आहेत. भुईमूग निघाला की एकदा, शाळूची काढणी झाली की दुसऱ्यांदा. रान मोकळं झालं की त्यांचा मोर्चा घराकडं वळतो. फडाला लागून वस्ती असेल तर ऊसतोडीतही हेच होतं. अशा वेळी बहुतेक घरांत एकच पिंजरा स्वयंपाकघराच्या मधोमध मांडतात आणि चार दिवसांनी 'आमचे उंदीर लई हुशार' म्हणून नाद सोडतात. उंदीर हुशार नसतो, जागा चुकलेली असते.

आधी घरात कोण शिरलंय ते बघा. लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी आणि टोकाला निमुळती असेल तर तो घरातला लहान उंदीर. दीड सेंटिमीटरच्या आसपास असेल तर मोठा उंदीर. परड्यात मातीचे ताजे ढीग दिसले तर घूस. तिला लहान पिंजऱ्याचा काही उपयोग नाही. लांब नाक, उग्र वास आणि चिकचिक आवाज असेल तर चिचुंद्री. ती झुरळं-किडे खाते, धान्याची पोती फोडत नाही. पिंजऱ्यात सापडली तर परड्यात सोडून द्या.

लहान उंदीर उघड्या जमिनीवरून सहसा जात नाही. भिंतीला अंग घासत जातो आणि बिळापासून फार लांबही जात नाही, बहुधा आठ-दहा मीटरच्या आतच फिरतो. त्याची वाट शोधायला रांगोळी वापरा. रात्री झोपताना फ्रिजमागं, शेगडीच्या ओट्याखाली, मोरीच्या तोंडाशी, कणगीच्या कडेनं आणि माळ्यावर जायच्या शिडीपाशी रांगोळीची भुकटी हातभर लांब, पातळ पसरा. सकाळी पावलं आणि मध्ये शेपटीची रेघ उमटलेली दिसेल. पिंजरा तिथंच मांडायचा.

पिंजरे एकदम जास्त लावा. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या घराला सहा तरी हवेत, ज्या वाटेवर वर्दळ जास्त तिथं दर दोन-तीन मीटरला एक. मादीला तीन आठवड्यांत पिल्लं होतात, एका वेताला पाच-सहा, आणि ती पिल्लं दोन-अडीच महिन्यांत स्वतः वितात. रोज एक धरत बसलात तर तुम्ही कायम मागंच राहता. पहिल्या दोन-तीन रात्रींतच जास्तीत जास्त उंदीर निघाले पाहिजेत.

चापाचा सापळा भिंतीला काटकोनात ठेवा, आमिषाची कळ भिंतीला टेकलेली. भिंतीला समांतर ठेवायचा असेल तर दोन सापळे पाठीला पाठ लावून, कळा बाहेरच्या बाजूला, म्हणजे उंदीर कुठूनही आला तरी सापडतो. जाळीच्या पिंजऱ्याचं तोंड भिंतीच्या कडेनं, तो येतो त्या दिशेला करा. विकत घेताना जाळी बघून घ्या. मोठ्या उंदरांसाठी केलेल्या पिंजऱ्याच्या जाळीतून लहान उंदीर आमिष खाऊन आरामात निघून जातो.

आमिष हरभऱ्याच्या दाण्याएवढं पुरे. शेंगदाण्याचा कूट थोड्या गुळात मळून केलेली गोळी सगळ्यात चांगली, कारण ती कळेला चिकटून बसते. भजी किंवा सुक्या बोंबलाचा तुकडाही चालतो, पण तो दोऱ्यानं आकड्याला गच्च बांधा. उंदरानं ओढल्याशिवाय कळ सुटत नाही. सैल ठेवलेला तुकडा तो अलगद उचलून नेतो. घर धान्यानं भरलेलं असेल आणि खाण्याला तो विचारत नसेल तर कळेला कापसाचा बोळा बांधून बघा. घरटं करणारी मादी तो ओढायला येते.

जाळीच्या पिंजऱ्याची तपासणी अशी करा: दार उघडून खिटी अडकवा आणि आतला आकडा पेन्सिलीच्या टोकानं हलका ओढा. दार खाडकन पडलं पाहिजे. पडत नसेल तर खिटी फार खोल अडकते आहे, तार थोडी वाकवून टोकावर आणा. बिजागरी गंजली असेल तर खोबरेल तेलाचा एक थेंब. चापाची तपासणी बोटानं कधीच करू नका.

लहान उंदीर नवी वस्तू दिसली की हुंगायला येतो, म्हणून तीन रात्री काहीच सापडलं नाही तर आमिष बदलण्याआधी जागा बदला. मोठा उंदीर मात्र नव्या वस्तूला बिचकतो. त्याच्यासाठी सापळा आमिषासकट पण न लावता तीन-चार रात्री तसाच ठेवा. खायला सरावला की मग लावा. आमिष गेलं आणि चाप तसाच असेल तर कळ जड आहे. चाप पडला आणि रिकामा असेल तर कळ भिंतीपासून दूर राहिली आहे.

चिकट पाट आम्ही सुचवत नाही. जीव तासन्‌तास तडफडतो, आणि धूळ बसली की चिकटपणाही जातो. विषाची पेस्ट तर घरात आणूच नका. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट माणसाच्या पोटात गेली तर यकृत निकामी होतं आणि त्यावर उतारा नाही. शिवाय विष खाल्लेला उंदीर कपाटामागं नाहीतर छतात मरतो आणि घरभर वास सुटतो.

सापळे सकाळ-संध्याकाळ बघा. जाळीत अडकलेला लहान उंदीर फार काळ तग धरत नाही. जिवंत सोडायचा तर घरापासून लांब माळावर सोडा, कुणाच्या पिकात नाही. मेलेला उचलताना हातावर प्लॅस्टिकची पिशवी उलटी चढवा, पकडा, पिशवी सुलटी करून गाठ मारा. लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं मिश्रण ओता, पाच-दहा मिनिटं थांबा, मग फडक्यानं पुसा. त्यात संडास धुवायचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

भोकं बुजवल्याशिवाय हे काम टिकत नाही. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर शिरतो. भांडी घासायची तारेची घासणी भोकात ठासून भरा आणि वरून सिमेंट लिंपा. नुसतं कापड किंवा थर्माकोल तो कुरतडतो. मोरीला बारीक जाळी, दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी. पोती भिंतीपासून हातभर पुढं आणि फळीवर ठेवा, म्हणजे मागं झाडता येतं आणि सापळाही बसतो. साताऱ्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांत भिंती सामाईक आणि मातीत बांधलेल्या असतात, वरचे वासेही एका घरातून दुसऱ्यात गेलेले. तिथं शेजाऱ्यांशी बोलून एकाच आठवड्यात सगळ्यांनी पिंजरे लावा. नाहीतर तुमच्याकडचा उंदीर त्यांच्या माळ्यावर जाईल आणि आठ दिवसांत परत येईल.