फणसचोरीच्या चित्रपटावरची मते वाचावीत कशी

आमदाराच्या बंगल्यातील झाडावरून ‘अंकल हाँग’ नावाच्या जातीचे दोन फणस चोरीस जातात आणि मोबा या काल्पनिक गावातले पोलीस ठाणे सगळी कामे बाजूला सारून त्या फणसांच्या मागे लागते. एवढ्याशा भांडवलावर उभा राहिलेला ‘कटहल’ हा हिंदी चित्रपट १९ मे २०२३ रोजी नेटफ्लिक्सवर आला. यशोवर्धन मिश्रा यांचे दिग्दर्शन, तपास अधिकारी महिमा बसोर हिच्या भूमिकेत सान्या मल्होत्रा, आमदार म्हणून विजय राज आणि बातमीसाठी सगळीकडे घुसणारा स्थानिक पत्रकार म्हणून राजपाल यादव अशी ही जुळणी आहे. या चित्रपटाविषयी प्रेक्षकांना विचारले, तर एकाची हसून पुरेवाट झालेली असते, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची रेषही हललेली नसते आणि तिसरा सांगतो की हा विनोदी चित्रपट नाहीच. आता संध्याकाळचे दोन तास त्यासाठी द्यायचे की नाही, हे ज्याला ठरवायचे आहे त्याने यातले कोणते मत प्रमाण मानावे? माझ्या मते तिन्ही मानावीत, परंतु प्रत्येक मत वाचताना ‘चांगला की वाईट’ हा निकाल दुय्यम समजून, हा माणूस काय पाहायला बसला होता, हे आधी शोधावे.

छोट्या गावातल्या हलक्याफुलक्या गुन्हेपटाला तीन प्रकारचे प्रेक्षक येतात. पहिला हसायला आलेला असतो. त्यातही मराठी प्रेक्षकाच्या मनात फार्सची परंपरा पक्की असल्यामुळे दारामागे लपणे, गैरसमजांची साखळी आणि शेवटी सगळ्यांचा एकच गोंधळ अशी त्याची अपेक्षा असते. दुसरा रहस्य उकलायला आलेला असतो आणि पहिल्या अर्ध्या तासातच चोर कोण याचा आडाखा बांधू लागतो. तिसऱ्याला गावाचा, सत्तेचा आणि माणसांच्या उतरंडीचा तिरकस वेध हवा असतो. ‘कटहल’ तिसऱ्याला सर्वांत जास्त देतो, पहिल्याला मध्यम आणि दुसऱ्याला अगदी थोडे. म्हणून एखाद्याने ‘रहस्य फुसके आहे’ असे लिहिले असेल, तर ते बरोबर मानून पुढे जावे. आपल्याला रहस्यच हवे असेल तेवढ्यापुरतेच ते मत आपल्या कामाचे आहे. ही अपेक्षा बहुधा मताच्या पहिल्या दोन वाक्यांतच उघडी पडते, कारण माणूस आधी तुलना करतो आणि मग निकाल देतो. तो कशाशी तुलना करतो, तिकडे लक्ष ठेवावे.

त्यानंतर मताची तारीख पाहावी. प्रदर्शनाच्या आठवड्यातली मते झलक पाहून आलेल्यांची असतात आणि फणसचोरीची झलक म्हटली की धमाल अपेक्षित असते. १ ऑगस्ट २०२५ रोजी ७१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत याच चित्रपटाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा मान जाहीर झाला. त्यानंतर जो प्रेक्षक येतो तो काहीतरी भारदस्त पाहायच्या तयारीने येतो; ‘एवढ्याला पुरस्कार?’ या त्याच्या प्रश्नात चित्रपटापेक्षा पुरस्कारावरचा राग अधिक असू शकतो. अशी मते बाजूला काढून ठेवावीत. मात्र पुरस्कारानंतर दुसऱ्यांदा पाहणाऱ्यांची मते आवर्जून वाचावीत, कारण चोर कोण हे माहीत असूनही त्यांना पाहावेसे वाटले असेल, तर त्यामागे काहीतरी कारण नक्की असते.

आकड्यांच्या बाबतीत थोडी सावधगिरी लागते. समीक्षकांची मते एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरची टक्केवारी ही गुणांची सरासरी नसते, तर किती समीक्षकांचे मत अनुकूल पडले त्याचे ते प्रमाण असते. दहा समीक्षकांनी प्रत्येकी पाचपैकी साडेतीन तारे दिले आणि दहाही मते अनुकूल धरली गेली, तर शंभर टक्के दिसतात, पण त्या दहांपैकी एकही जण फार भारावलेला नसतो. सौम्य विनोदी चित्रपटांना ही पद्धत विशेष मानवते, कारण त्यांचा द्वेष सहसा कोणी करत नाही. आयएमडीबी या संकेतस्थळावर प्रेक्षक गुण देतात; तिथला आकडा भारित सरासरीने, म्हणजे सगळ्या मतांना सारखे वजन न देता, काढलेला असतो, म्हणून त्या एका आकड्यापाशी न थांबता एक ते दहा गुण कितीजणांनी दिले याचा आलेख उघडावा. सहा, सात आणि आठ यांच्याभोवती मतांचा ढीग असेल, तर चित्रपट बहुतेकांना बरा वाटला आहे. एक आणि दहा या टोकांना ढीग असतील, तर भांडण बहुधा चित्रपटाबाहेरच्या एखाद्या गोष्टीवरून चालले आहे असे समजावे. नेटफ्लिक्सवरचा अंगठा केवळ आपल्याला पुढे काय सुचवायचे यासाठी वापरला जातो, आणि तिथली पहिल्या दहांची यादी किती पाहिले गेले हे सांगते, किती आवडले हे नव्हे.

आता मजकुराकडे यावे. अशा चित्रपटांवर वारंवार येणारा एक आक्षेप म्हणजे ‘दोन फणसांसाठी एवढी पोलीस यंत्रणा हलते, असे कुठे घडते का?’ हा होय. हा आक्षेप करणाऱ्याच्या मताला या एका मुद्द्यापुरते कमी वजन द्यावे. २०१४ च्या सुरुवातीला उत्तर प्रदेशात रामपूर येथे तत्कालीन मंत्री आझम खान यांच्या सात म्हशी चोरीस गेल्या, तेव्हा पोलिसांनी त्या शोधण्यासाठी आकाशपाताळ एक केले, म्हशी सापडल्या आणि तरीही काही पोलिसांवर कारवाई झाली. त्याच वर्षी दिल्लीत एका खासदारांच्या बंगल्यातले फणस चोरीस गेल्याच्या तक्रारीचा तपासही पोलिसांना करावा लागला होता. तेव्हा अतिशयोक्ती कथानकात किती आणि वास्तवातच किती, हे ज्याला ठाऊक आहे त्याचे हसू वेगळ्या जागी येते.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे आणि त्यावर मत वाचणाऱ्याने वेळ द्यावा. ‘उत्तरार्ध ढेपाळतो’ असे पुष्कळ जण म्हणतात. शेवट न सांगता एवढे सांगता येईल की पुढे कथा फणसांकडून माळ्याच्या बेपत्ता मुलीकडे वळते, आणि फळासाठी धावणारी यंत्रणा माणसासाठी किती सुस्त असते, हे दाखवू लागते. त्यामुळे ‘ढेपाळतो’ असे म्हणणारा नेमके काय म्हणतो आहे हे पाहावे लागते. प्रसंग लांबले, पाठलाग ओढूनताणून आणला, विनोदाची लय तुटली, असे तो सांगत असेल, तर ती कारागिरीवरची टीका आहे आणि ती मलाही बऱ्याच अंशी पटते; शेवटाकडची धावपळ पूर्वार्धाच्या मानाने सैल आहे. परंतु ‘उगाच सामाजिक संदेश घुसवला’ एवढेच त्याचे म्हणणे असेल, तर तो संदेश खरोखर घुसवलेला आहे का, हे पहिल्या अर्ध्या तासावरून तपासावे. महिमा पोलीस निरीक्षक आहे आणि तिचा प्रियकर सौरभ द्विवेदी (अनंत जोशी) तिच्याच हाताखाली शिपाई आहे. पदाने ती वर आणि जातीच्या उतरंडीत तो वर, ही अडचण कोणी भाषण देऊन सांगत नाही. दोघांच्या आडनावांत, ठाण्यातल्या आणि ठाण्याबाहेरच्या वागण्यात ती सुरुवातीपासून पेरलेली आहे. ज्याच्या मतात या गोष्टीचा उल्लेखही नाही, त्याने चित्रपट मोबाइल चाळत पाहिला असण्याची शक्यता मी तरी गृहीत धरतो.

भाषेचा मुद्दा लवकर आटोपता येईल. या चित्रपटातली बरीच गंमत बुंदेलखंडी वळणाच्या हिंदीत आणि शब्द टाकण्याच्या लकबीत आहे. मालवणी विनोद प्रमाण मराठीत सांगितला की त्यातला रस निम्मा आटतो, तसेच येथेही होते. म्हणून ‘विनोद पोहोचत नाहीत’ असे म्हणणाऱ्याला हिंदी बोलींची कितपत सवय आहे, याचा अंदाज घ्यावा आणि स्वतःला ती नसेल तर उपशीर्षके लावूनच पाहावे.

मतांचे उगमही सारखे नसतात. नातेवाइकांच्या गटावर आलेले ‘टाइमपास आहे’ हे मत बहुतेकदा ‘मुलांसमोर लावायला संकोच वाटला नाही’ एवढेच सांगत असते, आणि घरातल्या वृद्धांसह बसायचे असेल तर तीच माहिती सर्वांत उपयोगी पडते. तरीही मुलांच्या बाबतीत केवळ मतांवर विसंबू नये. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार नेटफ्लिक्ससारख्या मंचांना वयोगटाचे वर्गीकरण दाखवावे लागते, ते सुरू करण्याआधी पाहून घ्यावे. मत वाचताना कथा उघडी पडू नये असे वाटत असेल, तर लांब मतांचे शेवटचे परिच्छेद टाळावेत, कारण गुन्हेगाराचे नाव बहुधा तिथेच निसटते.

चित्रपट पाहून झाल्यावर आपल्यालाही कोणी विचारणारच. तेव्हा ‘छान आहे’ किंवा ‘ठीक आहे’ म्हणून मोकळे होऊ नये. आपण हसायला, कोडे सोडवायला की टोमणे ऐकायला बसलो होतो हे आधी सांगावे, मग कोणत्या प्रसंगी खरोखर हसू आले तो एकच प्रसंग सांगावा आणि घड्याळाकडे पहिल्यांदा कधी पाहिले तेही सांगून टाकावे. विजय राज यांच्या आमदाराने न हसता हसवले असे आपल्याला वाटले असेल, तर तसे नेमके म्हणावे. ‘सगळ्यांचा अभिनय उत्तम’ या वाक्यावरून ऐकणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. चोर कोण, हे मात्र कितीही आग्रह झाला तरी सांगू नये.