एकोणिसाव्या शतकातील जर्मन छापील-तिकिटाची पोस्टकार्डे ओळखताना

पोर्तुगीजकालीन टपालसाहित्य जमवणाऱ्या आपल्या गोव्यातील संग्राहकाच्या हाती कधीतरी एखादे जर्मन पोस्टकार्ड येते आणि त्यावरची गॉथिक वळणाची अक्षरे पाहून तो ते परत ठेवून देतो. जर्मन येत नसली तरी मथळा, किमतीचे चलन आणि शिक्का यांवरून अशा कार्डाचा काळ बऱ्यापैकी ठरवता येतो.

प्रथम तिकीट चिकटवलेले आहे की कार्डावरच छापलेले, ते पाहावे. उत्तर जर्मन संघाने (जर्मन साम्राज्यापूर्वीच्या उत्तरेकडील राज्यांच्या संघाने) १ जुलै १८७० रोजी कार्डे सुरू केली तेव्हा त्यांवर वेगळे तिकीट लावावे लागे आणि मथळा ‘कोरेस्पोंडेन्झकार्टे’ असा असे; ‘पोस्टकार्टे’ हा शब्द १८७२ मध्ये रूढ झाला, आणि जर्मन साम्राज्याच्या टपालखात्याची छापील-तिकिटाची कार्डे १८७३ मध्ये आली.

नंतर किंमत वाचावी, कारण सगळ्यांत बोलकी खूण तीच. अर्धा ग्रोशेन किंवा दोन क्रॉयझर अशी जुन्या नाण्यांतली किंमत असेल तर कार्ड बहुधा १८७४ पर्यंतचे, कारण १ जानेवारी १८७५ पासून टपालाचा हिशेब मार्क-फेनिगांत होऊ लागला. दक्षिणेकडील बव्हेरिया या राज्याने मात्र आणखी एक वर्ष घेतले. क्रॉयझर दिसताच कार्ड बव्हेरियाचे मानण्याची चूक मीही केली आहे. दक्षिणेकडील प्रदेशांसाठी साम्राज्याच्या टपालखात्यालाही क्रॉयझरची कार्डे काढावी लागली होती, म्हणून मथळा वाचल्याशिवाय निर्णय करू नये. बव्हेरिया आणि व्युर्टेंबर्ग यांची टपालखाती स्वतंत्र होती आणि त्यांच्या कार्डांवर त्यांचीच नावे असतात.

फेनिगच्या कार्डांत पाचाचे जांभळे कार्ड देशांतर्गत आणि दहाचे तांबडे कार्ड परदेशासाठी असे. किमतीच्या शब्दाच्या शेवटी रोमन ‘ई’ (PFENNIGE) असेल तर तिकिटाचे चित्र १८७५ च्या मालिकेतले. १८८० च्या सुमारास ते अक्षर गळाले. १८८९ च्या सुमारास नवी चित्रे आली आणि पाच फेनिगचा रंग हिरवा झाला. पुढच्या अनेक कार्डांवर कडेजवळ बारीक अंक दिसतात, ते भिंगाखाली वाचावेत: ‘८९८’ म्हणजे ऑगस्ट १८९८ ची छपाई. मुकुटधारी जर्मानियाचे, म्हणजे जर्मनीचे प्रतीक असलेल्या स्त्रीचे, चित्र १९०० चे, म्हणून ते शतकाच्या अगदी शेवटावर येते. मोठ्या शहरांतल्या खासगी टपालसेवांचीही कार्डे मिळतात. ३१ मार्च १९०० नंतर त्या सेवा बंद पडल्या. ती सरकारी कार्डांत मिसळू नयेत.

जोडकार्डे मला विशेष आवडतात. एका भागावर प्रश्न लिहून पाठवायचा आणि उत्तराचे पैसे आधीच भरलेला दुसरा भाग समोरच्याने फाडून परत टाकायचा, अशी ही सोय होती. पोर्तुगालच्या वसाहती १८७७ मध्ये जागतिक टपाल संघात आल्या, त्यामुळे गोव्यात आलेल्या जर्मन जोडकार्डाचा उत्तराचा भाग इथून परत गेल्यास जर्मन तिकिटावर गोव्याचा शिक्का बसणे शक्य होते. असा नमुना समोर आला, तर किमतीवर घासाघीस करत बसू नये.

वापरलेले कार्ड कोऱ्यापेक्षा मला अधिक मोलाचे वाटते, कारण शिक्क्यातून गाव आणि तारीख मिळते. पूर्वीचे संग्राहक छापील तिकीट कापून वहीत लावत; अशा कापलेल्या तुकड्यावरून मथळा, कडेचे अंक आणि बऱ्याचदा शिक्काही नाहीसा होतो, म्हणून तो स्वस्त असला तरी घेऊ नये.

राहता राहिला आपला पावसाळा. पीव्हीसीच्या पिशव्या कार्डाला चिकटतात, म्हणून पॉलिएस्टरच्या घ्याव्यात. कपाट ओल्या भिंतीपासून दूर ठेवून त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, आणि भाद्रपदात ऊन पडताच प्रत्येक कार्ड सावलीत उघडून बुरशीचे ठिपके आणि कसर पाहून घ्यावी.