अंगणातल्या खांबावर पर्पल मार्टिनची वस्ती

उत्तर अमेरिकेत रॉकी पर्वतरांगेच्या पूर्वेला राहणाऱ्या कोणालाही, अंगण पुरेसे मोकळे असेल तर, पर्पल मार्टिन हा पक्षी आपल्या दारात वसवण्याचा प्रयत्न करता येतो. भिंगरी कुळातला हा त्या खंडातला सर्वांत मोठा पक्षी आहे. पश्चिमेकडे तो अजूनही सुतारपक्ष्यांनी सोडलेल्या ढोलींत घरटे करतो. पूर्वेकडे मात्र तो माणसाने उभारलेल्या घरांवर जवळजवळ पूर्णपणे अवलंबून आहे. चोक्टॉ आणि चिकसॉ या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातींचे लोक आपल्या वस्तीजवळ या पक्ष्यांसाठी पोकळ भोपळे टांगत असत, अशी नोंद १९व्या शतकाच्या आरंभी झालेली आहे. त्यामुळे मार्टिनचे घर ही बागेतली शोभेची वस्तू नाही, हे आधीच मनाशी ठरवावे. एकदा उभारले आणि विसरून गेले, असे येथे चालत नाही; विणीच्या हंगामात दर आठवड्याला ते खाली उतरवून पाहावे लागते. जे घर सहज खाली येत नाही ते कितीही देखणे असले तरी विकत घेऊ नये.

सर्वांत आधी जागा. हे पक्षी लांबवरून तरंगत येऊन घरावर उतरतात, म्हणून खांबाभोवती सर्व बाजूंनी किमान ४० फूट मोकळी हवा हवी. हे अंतर झाडाच्या बुंध्यापासून नव्हे, तर फांद्यांच्या टोकापासून मोजायचे असते. खांब आपल्या राहत्या घरापासून मात्र ३० ते १०० फुटांच्या आत असावा, कारण माणसांची वर्दळ असली की शिकारी पक्षी जरा बिचकतात आणि मार्टिनना ते पुरते ठाऊक असते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून छान दिसावा म्हणून मी पहिल्या वर्षी खांब मेपलच्या झाडापाशी, कुंपणाला लागून उभारला होता. त्या उन्हाळ्यात तिकडे चिमण्यांखेरीज कोणी फिरकले नाही. खांबाच्या पायथ्याशी झुडपे लावू नयेत, वेल चढवू नयेत आणि घराला जोडणारी कोणतीही तार बांधू नये. खार आणि साप यांना तेवढा आधार पुरतो.

घर अॅल्युमिनियमचे, लाकडी किंवा प्लास्टिकचे चालते, पण बाहेरून पांढरे असावे, म्हणजे उन्हात ते कमी तापते. जुन्या पद्धतीच्या घरांतले ६ इंच लांबीरुंदीचे खण पक्षी स्वीकारतात खरे, परंतु ६ इंच रुंद आणि १२ इंच खोल खण कितीतरी अधिक सुरक्षित असतो. घरटे मागच्या भिंतीपाशी राहते आणि पावसाची झड किंवा घुबडाचा पाय तिथवर सहसा पोहोचत नाही. माझी स्वतःची पसंती भोपळ्यांना आहे. यासाठी वापरला जाणारा कठीण कवचाचा भोपळा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपल्या दुधीच्याच जातीचा आहे. त्याच आकाराचे प्लास्टिकचे भोपळेही मिळतात आणि ते धुवायला सोपे पडतात. नैसर्गिक भोपळा घेतल्यास तळाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे पाडून बाहेरून पांढरा रंग द्यावा. मार्टिन थव्याने राहणारे असल्यामुळे एकच खण टांगून उपयोग नाही. निदान चार ते सहा खणांपासून सुरुवात करावी.

प्रवेशद्वाराकडे सर्वांत बारकाईने पाहावे लागते. ५४ मिलिमीटर व्यासाचे गोल दार मार्टिनला सोयीचे असते, पण त्यातून आपल्या साळुंकीचा भाऊबंद असलेला स्टार्लिंग हा उपद्रवी पक्षीही तितक्याच आरामात आत शिरतो. त्याला अडवण्यासाठी अर्धचंद्राकृती दार वापरतात. त्याची उंची जेमतेम ३० मिलिमीटर, रुंदी साधारण पावणेतीन ते तीन इंच, आणि खालची कड खणाच्या जमिनीपासून अर्ध्या इंचाच्या आत असते. मार्टिनचे पाय आखूड असल्यामुळे तो छाती टेकवून, खांदे आवळून, सरपटल्यासारखा आत जातो. अंगाने जाड असलेल्या स्टार्लिंगला ते जमत नाही. येथे दोन-तीन मिलिमीटरची चूकही साऱ्या बंदोबस्तावर पाणी फिरवते, म्हणून विकतच्या घराचे दारसुद्धा पट्टी लावून मोजून घ्यावे.

खांब जमिनीपासून साधारण १२ ते १५ फूट उंच असावा. खड्डा खणण्यापूर्वी अमेरिकेत ८११ या क्रमांकावर काही दिवस आधी फोन करावा. जमिनीखालच्या वीज आणि गॅसच्या वाहिन्यांवर विनाशुल्क खुणा करून दिल्या जातात. खड्डा किमान दोन फूट खोल घ्यावा, आणि जेथे जमीन गोठते तेथे गोठणरेषेच्याही खाली जावे. तळाला खडी टाकून वर काँक्रीट भरावे आणि ते पक्के होईपर्यंत खांब ओळंब्यात राहील असा आधार द्यावा. घर कप्पी आणि दोराने किंवा विंचने सरळ उभ्या रेषेत वरखाली होणारे हवे. खांबच आडवा पाडण्याची सोय असलेले प्रकार टाळावेत, कारण त्यात अंडी घरंगळून फुटतात. प्रत्येक खणावर क्रमांक लिहावा आणि घर परत चढवताना त्याचे तोंड पूर्वीच्याच दिशेला ठेवावे. दिशा बदलली की आईबाप आपला खण शोधत गोंधळतात.

रॅकून हा निशाचर सस्तन प्राणी आणि रॅट स्नेक हा साप, हे दोघेही गुळगुळीत खांबावर लीलया चढतात. त्यांना अडवण्यासाठी जमिनीपासून चार-पाच फुटांवर, ८ इंच व्यासाचे आणि दोन-तीन फूट लांबीचे पत्र्याचे नळकांडे खांबाभोवती बसवावे. हे काम 'पक्षी आले की करू' म्हणून पुढे ढकलू नये. रॅकून एका रात्रीत सगळी वस्ती रिकामी करतो, आणि वाचलेले पक्षी पुन्हा तेथे येत नाहीत.

मार्टिन हिवाळा दक्षिण अमेरिकेत, विशेषतः ब्राझीलमध्ये काढतात. फ्लोरिडा आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर पहिले पक्षी जानेवारी-फेब्रुवारीत पोहोचतात, तर उत्तरेकडील राज्यांत आणि दक्षिण कॅनडात ते एप्रिल उजाडल्यावर दिसू लागतात. नवख्याने या पहिल्या पाहुण्यांची आशा धरू नये, कारण ते बहुधा आपल्या जुन्याच जागी जातात. नवी जागा शोधत असतात ते आदल्या वर्षी जन्मलेले पक्षी, आणि ते कित्येक आठवडे उशिरा येतात. म्हणून परिसरात पहिले मार्टिन दिसल्यानंतर सुमारे चार आठवडे दारे बंदच ठेवावीत. तेवढ्यात चिमण्यांनी ताबा घेण्याची संधीही कमी होते. दारे उघडताना प्रत्येक खणात पाइनच्या लाकडाचा कोरडा भुसा इंचभर पसरावा, देवदाराचा नको. पहाटेच्या अंधारात मार्टिनच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण लावल्यानेही तरुण पक्षी आकर्षित होतात. तरीही काही अंगणांत वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते.

आता चिमणीविषयी. काऊचिऊच्या गोष्टीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा भाग जड जातो. अमेरिकेत चिमणी ही उपरी आहे. १९व्या शतकाच्या मध्यास ती ब्रुकलिनमध्ये मुद्दाम आणून सोडण्यात आली, आणि स्टार्लिंग १८९० साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये. चिमणी मार्टिनची अंडी फोडते, पिल्ले मारते आणि वर आपले गवत रचते. खणात गवत, पिसे आणि कागदाचे कपटे यांचा घुमट दिसला की तो चिमणीचा समजावा, आणि दर वेळी काढून टाकावा. १९१८च्या स्थलांतरित पक्षी संरक्षण कायद्याचे कवच या दोन्ही जातींना नाही. मार्टिनला ते आहे, तसेच ट्री स्वॅलो, ब्लूबर्ड आणि रेन या तिथल्या स्थानिक पक्ष्यांनाही. त्यांचे अंडी-पिल्ले असलेले घरटे हलवणे गुन्हा ठरतो. त्यामुळे घरटे कोणाचे हे ओळखता आल्याशिवाय हात लावू नये. मार्टिनचे घरटे चपटे असते, त्यात काटक्या, चिखल आणि हिरवी पाने असतात, आणि अंडी पांढरीशुभ्र, ठिपक्यांविना.

पाहणी दर पाच ते सात दिवसांनी, कोरड्या हवेत करावी. मादी रोज एक याप्रमाणे बहुधा चार ते सहा अंडी घालते. उबवणीला साधारण १५-१६ दिवस लागतात आणि पिल्ले सुमारे चार आठवड्यांची झाली की उडतात. तारखा वहीत टिपून ठेवाव्यात, कारण पिल्ले २२ दिवसांची झाल्यावर खण उघडल्यास ती घाबरून वेळेआधीच बाहेर झेप घेतात. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिल्ले टाकून जातात, हा समज खोटा आहे. घरटे ओले झाले असेल किंवा त्यात बारीक किडे वळवळत असतील, तर पिल्ले झाकणाच्या डब्यात अलगद ठेवून, जुने घरटे काढून कोरडा भुसा भरावा आणि पिल्ले परत त्याच खणात ठेवावीत.

हे पक्षी डास खाऊन फस्त करतात या जाहिरातीवर विश्वास ठेवून मात्र कोणी खांब उभारू नये. मार्टिन दिवसा आणि उंचावर उडत चतुर, भुंगेरे, फुलपाखरे असे मोठे कीटक टिपतो, तर डास संध्याकाळी जमिनीलगत फिरतात. दोघांची गाठ क्वचितच पडते. केवळ उडत्या कीटकांवर जगत असल्यामुळे वसंतातली थंडीची लाट त्याच्या जिवावर उठते. दोन-तीन दिवस कीटक उडाले नाहीत, तर मेलेले रातकिडे किंवा शिजवलेल्या अंड्याचे लहान तुकडे चमच्याने पक्ष्यांच्या समोर हवेत उडवावेत. एकाने झेलले की बाकीचे शिकतात.

पिल्ले उडून गेली म्हणून लगेच घर उतरवू नये. उन्हाळ्याच्या अखेरीस आसपासच्या वस्त्यांतली तरुण पिल्ले पुढच्या वर्षीची जागा हेरत फिरतात, आणि आपला खांब त्यांच्या नजरेस पडायला हवा. आठवडा-दोन आठवडे एकही मार्टिन दिसला नाही, की घर खाली घ्यावे, जुनी घरटी काढून खण साबणाच्या पाण्याने धुवावेत, उन्हात खडखडीत वाळवावेत आणि दारांना बुचे लावून ठेवून द्यावेत.