गव्हाच्या पहिल्या पाण्याआधी मोटारीची केबल तपासा

गव्हाला पहिलं पाणी पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना लागतं. नेमक्या त्याच आठवड्यात शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात, लाईट डिम होते आणि रिवाइंडिंगवाल्याकडे रांग लागते. बोल डीपीला (ट्रान्सफॉर्मरला) लागतो, आणि कधी कधी तो खराही असतो. पण स्टार्टरपासून मोटारीपर्यंतची केबल आपली असते. कच्च्या पाटात पाणी मुरावं तसं व्होल्टेज तिथे मुरतं.

हिशेब करून बघा. विहीर स्टार्टरपासून ३०० मीटर लांब आहे आणि ५ एचपीची मोटार १० अँपिअर घेते असं धरा. तांब्याची अडीचची (तारेचा छेद अडीच चौरस मिलिमीटर) केबल असेल तर एका तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सव्वादोन ओहमच्या आसपास येतो आणि तीन फेजला सुमारे ३८ व्होल्ट वाटेतच जातात. तीच अडीचची ॲल्युमिनियमची असेल तर ६० च्या वर. म्हणजे पेटीवर ४१५ दिसले तरी मोटारीला मिळतात ३५०. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, त्यामुळे तो ७० टक्क्यांवर येतो. सुरू होताना तर प्रवाह कैक पट असतो, तेव्हाची घट आणखी मोठी. मोटार नुसती घुमते, पाणी उचलत नाही आणि आतून भाजत जाते. तांब्याची सहाची केबल टाकली तर हीच घट १६ व्होल्टवर येते.

ॲल्युमिनियम वाईट असं नाही. पोलावरच्या तारा ॲल्युमिनियमच्याच असतात, पण त्या जाड असतात. तांब्याइतकं काम हवं असेल तर ॲल्युमिनियमच्या तारेचा छेद (चौरस मिलिमीटरचा आकडा) दीडपटीहून थोडा जास्त घ्यावा लागतो. दुकानात ‘अडीचची द्या’ म्हणून स्वस्त बंडल उचलताना हे विसरतं.

मोटार बंद असताना व्होल्टेज मोजून काही कळत नाही. प्रवाहच नाही, तर घट कुठून दिसणार? मोटार चालू ठेवून वायरमनकडून आधी स्टार्टरवर आणि मग विहिरीच्या काठावरच्या पेटीत मोजून घ्या. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमची केबल.

केबल बरी असूनही फरक जास्त आला तर सांधे उघडा. मागच्या वर्षी आमच्या हरभऱ्याच्या बांधावरचा एक सांधा सोडला. टेप वितळून काळी चिकट झालेली, आत तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर आणि ॲल्युमिनियमच्या तारेवर पांढरी भुकटी. तांबं नि ॲल्युमिनियम नुसतं पिळून जोडलं की ओल लागताच ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर वीज वाहू देत नाही. सांध्यात अर्धा ओहम रोध तयार झाला तरी १० अँपिअरला तिथे ५० वॅट उष्णता निघते, म्हणजे एवढ्याशा जागेत छोटी शेगडीच. अशा ठिकाणी दोन धातूंसाठीचा बायमेटल लग वापरा, दाबून घ्या, वर पाणी न शिरणारं आवरण घाला. तपासायचं तर मोटार अर्धा तास चालवून मेन बंद करा, तिन्ही फ्यूज काढून खिशात ठेवा, तारेत वीज नाही याची टेस्टरने खात्री करा आणि मगच सांध्यांना हात लावा. तिघांतला एकच कोमट लागला तर तोच चोर.

फ्यूजच्या जागी केबलचा धागा गुंडाळू नका. फ्यूजची तार मापाची बारीक असते ती वितळण्यासाठीच.

अर्थिंगचं मात्र उलट, त्याला ओल हवी असते: पावसाळ्यात चांगलं वाटतं, थंडी सरता सरता बिघडतं. जमीन वाळली की तिचा रोध वाढतो. मुरमाड रानात हे लवकर होतं. काळ्या रानात भेगा पडून माती अर्थिंगच्या पुरलेल्या पाइपापासून सुटते आणि कुठे वीज झिरपत असेल तर स्टार्टरच्या पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात. कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओता आणि पाइपावरचा नटबोल्ट गंज खरवडून घट्ट करा. मिठाने तो पाइपही गंजतोच, तेव्हा दर दोन-तीन वर्षांनी उकरून बघायला हवा.