मुळातली सहजीवी बुरशी पाहायची कशी?

ही बुरशी (आर्बस्क्युलर मायकोरायझा) मुळाच्या आत राहते, वनस्पतीला फॉस्फेट देते आणि बदल्यात साखर घेते. ती पाहायला मूळ आधी पारदर्शक करतात, मग रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. बुरशी दिसली नाही की बहुतेक जण रंगाला दोष देतात. शाई बदलतात, महागडी रसायनं मागवतात, आणि तरीही स्लाइडवर निळसर धुक्याशिवाय काही दिसत नाही. खरी चूक त्याआधीच्या पायरीत झालेली असते: मूळ नीट पारदर्शक केलेलं नसतं.

आधी मुळं. कांदा, मका किंवा क्लोव्हर (एक चाऱ्याचं पीक) निवडा. कांदा सर्वांत सोपा, कारण त्याची मुळं फिकट असतात आणि त्यांना मूलरोमही फारसे नसतात. मोहरी, कोबी, पालक या कुळांतल्या वनस्पती घेऊ नका, कारण त्या सहसा ही मैत्री करतच नाहीत. भरपूर स्फुरद (फॉस्फेट) दिलेली कुंडीही नको. फॉस्फेट आयतं मिळत असेल, तर वनस्पती बुरशीला साखर देण्यात हात आखडता घेते. रोप निदान पाच-सहा आठवड्यांचं असावं. जाड मुळं सोडून केसासारखी बारीक मुळं घ्या, धुवा, एक सेंटिमीटरचे तुकडे करा.

आता मूळ पारदर्शक करणारी कॉस्टिक पोटॅशची (पोटॅशियम हायड्रॉक्साइडची) पायरी. १० टक्के द्रावण करा. पोटॅश पाण्यात थोडं थोडं टाकायचं, पोटॅशवर पाणी कधीही ओतायचं नाही. द्रावण चांगलंच तापतं. हातमोजे आणि गॉगल हवेतच. ॲल्युमिनियमचं भांडं चुकूनही वापरू नका. पोटॅश ते खातं आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो.

सुरुवातीला मी मुळं या द्रावणात सरळ उकळायचो. घाई होती आणि पुष्कळ ठिकाणी तसंच लिहिलेलं होतं. मुळं छान पांढरी दिसायची, रंगवल्यावर मात्र रिकामी. कित्येक आठवडे मी वहीत ‘बुरशी नाही’ असं लिहीत राहिलो. मग एकदा न रंगवलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा उलगडा झाला: बाहेरचा मांसल थर गळून गेला होता आणि उरली होती फक्त मधली वाहिनीची दोरी. ही बुरशी राहते ती त्या बाहेरच्या थरातच. म्हणजे मी घर पाडून घरमालकाला शोधत होतो.

म्हणून माझा ठाम सल्ला: कोवळी मुळं उकळू नका. या द्रावणात खोलीच्या तापमानाला झाकून एक-दोन दिवस भिजू द्या. द्रावण चहासारखं तपकिरी झालं की बदला. तुकडा प्रकाशासमोर धरल्यावर मधली दोरी स्पष्ट आणि भोवतालचा भाग काचेसारखा दिसला की तिथेच थांबा. चिमट्यात धरताच साल सुटू लागली, तर तो नमुना वाया गेला. पुन्हा सुरुवात करा. काळपट किंवा टणक मुळं मात्र द्रावणाच्या भांड्यासकट ९० अंशांच्या गरम पाण्यात ठेवावी लागतात. तेही उकळी न आणता, आणि दर पाच-दहा मिनिटांनी एक तुकडा तपासत.

यानंतर मुळं तीन-चार पाण्यांतून धुवा. पोटॅश उरला, तर रंग धरत नाही.

रंगवायला पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५ टक्के काळी फाउंटन पेनची शाई पुरते. त्यात मुळं तीन मिनिटं उकळा. इथे उकळणं चालतं. शाई विरघळणाऱ्या रंगाची असावी. कार्बनची, न पुसली जाणारी शाई उपयोगाची नाही. ट्रायपॅन ब्लू बरेच जण वापरतात, पण तो कर्करोगकारक असल्याचा संशय आहे आणि शाईने काम होत असताना तो हाताळायची काहीच गरज नाही. शेवटी व्हिनेगरचे चार थेंब टाकलेल्या पाण्यात वीस मिनिटं ठेवून जादा रंग काढा.

ग्लिसरिनच्या थेंबात तुकडे समांतर मांडून कव्हर स्लिप हलकेच दाबा. शंभरपट मोठं करून पाहायला लागा, मग चारशेवर जा. पेशींमधून जाणारे, बहुतांशी आडव्या भिंती नसलेले तंतू ही पहिली खूण. फुगीर, अंडाकृती पिशव्या म्हणजे व्हेसिकल्स. त्यांत तेलाचा साठा असतो. एका पेशीत झाडाच्या फांद्यांसारखी बारीक, गच्च जाळी दिसली, तर ते आर्बस्क्यूल. देवाणघेवाण मुख्यतः तिथेच होते. आडव्या भिंती असलेले गडद तपकिरी तंतू दिसले, तर ती वेगळी बुरशी आहे, तिला मोजू नका.

आर्बस्क्यूल काही दिवसच टिकतं, मग पेशी ते विरघळवून टाकते. त्यामुळे एका तुकड्यात फक्त तंतू आणि पिशव्या दिसल्या म्हणून निराश होऊ नका. त्याच रोपाच्या मुळांच्या टोकांजवळचे, नवे तुकडे घेऊन पुन्हा पाहा.