कवेलू काढून टिन टाकताना आधी भिंतीकडे बघा

नागपूरच्या जुन्या वस्त्यांत कवेलू (कौलं) फेरणारे मजूर आता सहज मिळत नाहीत, शिवाय वानरं दरवर्षी नासधूस करतात. त्यामुळे बरेच जण टिन टाकायचं ठरवतात. पण मंगलोरी कवेलूंचं छत दर चौरस मीटरला साधारण 35 किलो भरतं, अर्धा मिमी जाडीचं रंगीत टिन जेमतेम 5 किलो. कवेलू स्वतःच्या वजनानं जागेवर राहतात. टिन वाऱ्यात उचललं जातं. भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी जवळपास 158 किमी धरला आहे. मे महिन्याच्या वादळात छत कैचीसकट, म्हणजे ते पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यासकट, उडतं ते यामुळेच. टिन स्वस्त होतं म्हणून नाही, कैची भिंतीला धरलेलीच नव्हती म्हणून.

मातीच्या जुडाईच्या भिंतीत अँकर बोल्ट पकड घेत नाही. भिंतीच्या माथ्यावर सलग 6 इंची काँक्रीटचा पट्टा घाला, आत सळ्या आणि कैचीच्या जागी बोल्ट आधीच बसवा. पट्ट्याला किमान 7 दिवस पाणी मारा. भिंतीला तडे असतील तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय जुनं छत उतरवू नका.

छत उघडं राहण्याचे हे दिवस धरले की कामाची वेळ आपोआप ठरते: दिवाळीनंतर. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीची भीती, मे महिन्यात तापलेल्या टिनावर सकाळी दहानंतर हात टेकवत नाही, आणि जूनच्या तोंडावर फॅब्रिकेटर फोनही उचलत नाही. हिवाळ्यातही अवकाळी पाऊस येतोच, ताडपत्री जवळ असू द्या.

आता माप. घर 20 बाय 30 फूट, दुपाखी (दोन्हीकडे उतार), आढं (दोन्ही उतार मिळतात ती वरची ओळ) 30 फुटांच्या बाजूनं, उतार 5 फुटांना 1 फूट. अर्धी रुंदी 10 आणि झड लागू नये म्हणून दीड फूट पुढे. उतार धरून 11.7 फूट होतात, म्हणून 12 फुटी टिन. त्यामुळे मधे जोड येत नाही. दोन्ही टोकांना एकेक फूट बाहेर काढला की लांबी 32. एक टिन झाकतं 1 मीटर, म्हणजे 3.28 फूट. एका पाख्याला 10, एकूण 20. दुकानदार टिनाची पूर्ण रुंदी सांगतो, हिशेब मात्र झाकणाऱ्या रुंदीचाच करा. आढ्यावरची कॅप 8 फुटी 4 नग घेतली तर 6 इंची जोडांमुळे 30.5 फुटांतच संपते. 10 फुटी 4 घ्या. ऑर्डर कैच्या उभ्या झाल्यावर, पुन्हा मोजूनच द्या, जुन्या भिंती काटकोनात क्वचितच असतात.

आडवे पाइप 4 फुटांवर, पाख्याला 4 ओळी. एकूण 256 फूट, म्हणजे 6 मीटरचे 14 नग. कैच्या 8 फुटांच्या आत असतील तर 60 बाय 40 मिमीचा पाइप, जाडी 2.6 मिमी चालेल. पाइप चढवण्याआधीच प्रायमर मारा, नंतर वरच्या बाजूला ब्रश पोचत नाही.

स्क्रू 55 मिमीचे, रबरी वॉशरसह, टिनाच्या उंचवट्यावर. पाणी वाहतं त्या खाचेत नाही. वरच्या आणि खालच्या ओळीत प्रत्येक उंचवट्यावर, मधे एक सोडून एक. कॅप धरून 400 लागतात. वॉशर किंचित दबेल इतकंच आवळा. जास्त आवळलं की रबर फाटतं आणि दोन पावसाळ्यांत गळती सुरू होते. आढं पूर्व-पश्चिम असेल तर पूर्वेकडून सुरुवात करा, म्हणजे पावसाळी वारा जोडात शिरत नाही. ग्राइंडरनं टिन कापू देऊ नका: ठिणग्यांनी रंग जळतो, तिथेच गंज धरतो. भोकांचा लोखंडी कीस त्याच संध्याकाळी झाडून घ्या.

उन्हाळ्यासाठी रंग पांढरा किंवा फिका निवडा. गडद निळा छान दिसतो, पण खोली भाजून काढतो. टिनाखाली फॉइल लावताना तिची चकचकीत बाजू खाली ठेवून तिच्याखाली इंचभर तरी हवा मोकळी राहू द्या, आणि दोन्ही टोकांच्या भिंतींत वर जाळी ठेवा, म्हणजे कोंडलेली गरम हवा निघते. कूलर टिनावर कधीही ठेवू नका; त्याचा स्टँड जमिनीवरून घ्या.